उताऱ्यातलं मीठ

सुलक्षणानं ओलं फडकं घेतलं आणि फळ्यावरची पंधरावी ओळ पुसून टाकली. वरच्या चौदा ओळी, खालच्या पंधरा तशाच राहिल्या, मधे नुसता ओला पट्टा.

"ते का पुसलं?"

दारात इंद्रजितकाका उभे होते, वाचनालयाचे अध्यक्ष. चपला काढता काढता त्यांची नजर थेट फळ्यावर गेली होती.

"दुसरं पुस्तक घालू म्हटलं, काका."

"दुसरं कशापायी? यादी कालच भोरला पाठवली ना?"

पाठवली होती, तीच तर पंचाईत होती. भोरच्या वाचकमंडळानं पितृपक्षापासून तीस दिवस भुताखेतांची पुस्तकं वाचायची स्पर्धा काढली, आणि आंबवड्याच्या पुढचं हे दोन कपाटांचं वाचनालय त्यात उतरलं ते सुलक्षणाच्या हौसेपायी. रोज एक पुस्तक. नवरात्रातल्या दिवसांना तिनं देवीनं राक्षस मारल्याच्या गोष्टी घातल्या. राक्षस म्हणजे भुतांचेच भाऊबंद, अशी स्वतःची समजूत काढली. पंधरावा दिवस सर्वपित्रीचा. त्या दुपारी सगळ्या बायकांसमोर एक गोष्ट मोठ्यानं वाचायची आणि मोबाईलवर चित्रण करून पाठवायचं. त्यासाठी तिनं कपाटातून 'आमच्या शिवारातली भुतं' काढलं. काकांच्या वडिलांनी, गुरुजींनी लिहिलेलं, सत्तर पानांचं. त्यातली विहिरीवरच्या हडळीची गोष्ट वाचताना भरदुपारी तिच्या अंगावर काटा आला होता. याहून चांगली कुठली मिळणार?

ती किकवीची, लग्न होऊन दोन वर्षं झालेली. तिला काय ठाऊक! काल रात्री भाकरी थापता थापता सासूनं सांगितलं, "अगं बये, ती हडळ म्हंजी ठकुबाईची आई."

ठकुबाई रोज वाचनालयात यायची. साठी उलटल्यावर अक्षरं शिकली, आणि आता खिडकीशी बसून ओळीवर बोट ठेवून वाचायची. सर्वपित्रीला ती पहिल्या रांगेत बसणार, आणि तिच्यासमोर तिच्या आईला हडळ म्हणायचं. सुलक्षणाला रात्रभर झोप लागली नव्हती.

"काका, ठकुआत्यांच्या आईची गोष्ट आहे ती."

"नाव कुठं लिहिलंय त्यात?"

"विहिरीला अजून सगुणाची विहीर म्हणतात. नाव कशाला लिहायला पाहिजे?"

काकांनी खुर्ची ओढली. "हे बघ पोरी. अण्णांनी जन्मात एक पुस्तक लिहिलं. लोकांनी त्यात भजी बांधली. पहिल्यांदा कुनीतरी ते मोठ्यानं वाचनार, तर तू फडकं फिरवतीस?"

"मी माफी मागते. पण मी ती वाचणार नाही."

"मग मी वाचतो. अध्यक्ष म्या हाय का तू?"

"आणि आत्या?"

"तिला घरी बसव त्या दिवशी. सांग, सुट्टी हाय."

"वा! चाळीस बायकांनी ऐकायचं आणि तिनं घरात बसायचं?" सुलक्षणाचा आवाज चढला. सासऱ्यांच्या वयाच्या माणसापुढं ती अशी कधी बोलली नव्हती. हातातल्या फडक्याचं पाणी पायावर ठिबकत होतं.

"कुनी घरात बसायचं गं?"

दोघांनी वळून पाहिलं. ठकुबाई उंबऱ्यात उभी होती. किती वेळ, कोण जाणे. ती आत आली, खिडकीशी आपल्या जागेवर बसली, चष्म्याच्या दोरीची गाठ सोडवली आणि हात पुढं केला.

"आन ते पुस्तक."

"आत्या, राहू दे ना."

"राहू दे म्हंजी? गाव साठ वर्सं बोलतंय, आन मला यक डाव वाचायचीबी चोरी? आन हिकडं."

सुलक्षणानं काकांकडं पाहिलं. काका खिडकीबाहेर पाहत होते. तिनं पान उघडून दिलं.

ठकुबाईनं बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. एकेक शब्द जुळवत. पोटुशी बाई पाण्याला गेली, पाय घसरला, हंडा तेवढा वर तरंगला. तिचा आवाज हलला नाही. मग गुरुजींच्या रंगात आलेल्या ओळी आल्या.

"'दर अमावास्येस आमच्या मातोश्री विहिरीच्या पायरीवर दहीभाताचा उतारा ठेवीत. पहाटे पाहावे तो पान साफ! उताऱ्यास तर कोणी शिवत नाही. मग खाल्ले कोणी? पायरीवर ओल्या पावलांचे ठसे असत, आणि तेही इवलेसे. ती हडळ पोटातल्या लेकराला हाताशी धरून जेवावयास आणीत असे!'"

बोट तिथंच थांबलं. सुलक्षणाला वाटलं, आता ही उठणार, पुस्तक भिरकावणार. काकांनी घसा खाकरला.

"आक्का, अण्णांनी आपलं गोष्टीत रंग भरायला..."

"रंग न्हाई भरला. खरं लिव्हलंय गुरुजींनी." ठकुबाईनं चष्मा कपाळावर सरकवला. "ठसे व्हतेच. माजे व्हते."

काकांनी वळून तिच्याकडं पाहिलं.

"आई गेली तवा म्या सात वर्सांची. बानं दुसरी केली. ती मला अर्दी भाकरी द्यायची, तीबी रडवून. मला कुनीतरी म्हनलं, तुज्या आईला अवसंला जेवन ठिवत्यात. म्या म्हनलं, आईचं हाय तर मला का न्हाई? अंदारात उटून जायची, पायरीवर बसून खायची. पाय धुऊन घरी. भ्या न्हाई वाटलं कदी. आईच्याच घरी तर जात व्हते."

ती हसली, पण डोळ्यांना पदर लावला.

"उतारा अळनी असतो. भुताला मीठ चालत न्हाई म्हंत्यात. घशाखाली उतरायचा न्हाई, तरी खायची. आन मंग यका अवसंला भातात मीठ! मीठ आन कडंला लोनच्याची फोड. फुडं लगीन हुईस्तवर दर अवसंला. मला वाटायचं, आईच घालती. आता म्हातारी झाले तरी तसंच वाटतंय बग. आन दुसरं कोन घालनार?"

काका उठले. ते टेबलापाशी गेले, पुन्हा खुर्चीशी आले.

"आमची आई भांडायची आजीशी, अण्णांच्या आईशी," ते म्हणाले. "दर अवसंला. म्हनायची, आत्याबाई, उताऱ्यात कुनी मीठ घालतं का? भूत चवताळंल, घरावर येईल. आमी पोरं हसायचो. म्हातारीला चळ लागलाय म्हनायचो. अण्णा सुदीक म्हनायचे."

"मंग?" ठकुबाईनं विचारलं.

"मंग काय. म्हातारी कुनाला जुमानती व्हय? चिमूट उचलायची आन भातावर टाकायची." त्यांनी तीन बोटं जुळवून दाखवली, आणि ती तशीच धरून ठेवली. "म्हनायची, 'हितं जेवायला येती तिला अळनी जात न्हाई.'"

ठकुबाई त्यांच्या बोटांकडं पाहत राहिली. मग तिनं पुस्तक मांडीवर पालथं घातलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. बराच वेळ तिला रडू आवरलं नाही, आणि तिनं ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

सुलक्षणानं खडू उचलला. पंधरावी ओळ अजून पुरती वाळली नव्हती, तरी तिनं पुस्तकाचं नाव पुन्हा लिहिलं. पुढं 'वाचणार' या शब्दाशी ती थांबली.

"माजं नाव लिव्ह," ठकुबाई म्हणाली. "आन त्या म्हातारीचं नाव काय व्हतं रं, इंद्रा?"

"धोंडाबाई."

"आदी तिचं लिव्ह."