लाल पेन्सिलीची काट

लांब्याने माझं गाणं परत पाठवलं आणि त्यावर एकही काट नव्हती. मी कागद उलटा करून पाहिला, खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. लाल पेन्सिलीचा ठिपकासुद्धा नाही.

आमचा रॉक बँड एकतीस वर्षांचा आहे. आमच्या बरोबरीचे सगळे फुटले, कुणी भांडून, कुणी रुसून. आम्ही टिकलो ते एका नियमावर. मी गाणं केलं की ते लांब्याकडे जातं, त्याने केलं की माझ्याकडे येतं. दुसऱ्याने त्यातली एक ओळ कापायची, एकच, आणि करणाऱ्याने ‘का’ म्हणून विचारायचं नाही. खाली नावं दोघांची. माझ्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यातली माझी लाडकी ओळ त्या नतद्रष्टाने कापली, आणि संताप याचा की गाणं त्यानंतरच जमलं.

आणि आता हे. सोमवारी रेकॉर्डिंग होतं.

मी आमच्या ड्रमरला विचारलं.

“आवडलं असेल,” तो म्हणाला.

“त्याला? माझं?”

“मग कंटाळला असेल. कापायचीही तसदी नको वाटत असेल.”

झांजेचा स्क्रू पिळत त्याने हे इतक्या सहज सांगितलं की मला त्याच्या डोक्यात काठी घालावीशी वाटली. दोन दिवस माझ्या डोक्याचा नुसता भुगा झाला. लांब्याला बरं नाही? की त्याला बँड सोडायचाय? आणि लांब्या नसेल तर मी गाणी करायची कुणासाठी? विचारायची सोय नव्हती. तोंडातून ‘का’ निघाला की नियम संपला, आणि नियम संपला की आम्हीही संपलो.

शेवटी रविवारी सकाळी ताईकडे गेलो. लांब्या स्टेजवर लांब्या असला तरी घरात माझा भावोजी आहे. ताई स्वयंपाकघरात मटार सोलत होती. आतून आंघोळीचा आवाज येत होता.

“ताई, भावोजी ठीक आहेत ना?”

“ठणठणीत. त्यांना काय धाड भरलीय?”

“माझं नवं गाणं ऐकून काही म्हणाले?”

“कुठलं रे?”

मी पहिली ओळ गुणगुणलो. ताईने मटार सोलता सोलता दुसरी ओळ म्हटली. मग तिसरी.

हे गाणं मी तिला कधी ऐकवलंच नव्हतं.

“तुला कसं येतं हे?”

“अरे, आमची लेक तान्ही होती तेव्हा हे तिला हेच गाऊन झोपवायचे. यांनी तुझ्याकडे पाठवलेलं, आणि तू अख्ख्या पानावर काट मारली होतीस. दोन दिवस धड जेवले नाहीत.” तिने माझ्याकडे पाहिलं. “तुझं नवं गाणं म्हणजे हे?”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. माझं एक कडवं महिना खातं आणि हे गाणं एका बैठकीत उतरलं होतं. मी आपला स्वतःवरच खूश! संशय तेव्हाच यायला हवा होता. माझी लाज मलाच वाटली.

लांब्या डोकं पुसत बाहेर आला. मी खिशातून कागद काढून ओट्यावर ठेवला.

“हे तुझं आहे,” मी म्हणालो. “आणि तेव्हा मी पान कापलं, नियम ओळीचा होता. चुकलं माझं.”

“मला वाटलं, आठवेल तुला,” तो म्हणाला. “दोन दिवस लावलेस.”

“तू बोलायचंस की!”

“काय बोलणार? कापायचं तर माझंच मला कापावं लागलं असतं.”

“मग आता?”

त्याने फ्रिजवरची लाल पेन्सिल घेतली, चष्मा लावला आणि कागद वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला. मग शेवटच्या कडव्यातल्या एका ओळीवर सरळ काट मारली. ताईने मान वाकवून पाहिलं.

“ही तेव्हा नव्हती,” ती म्हणाली.

नव्हतीच. अख्ख्या गाण्यात तेवढी एकच ओळ माझी होती.

ती वाईट होती म्हणून कापली, की सव्वीस वर्षांपूर्वीचं उट्टं काढलं, मला अजून कळलेलं नाही. ‘का’ अगदी ओठांवर आला होता. मी तो गिळला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.