मानपत्रातली शेवटून दुसरी ओळ

झाशीच्या मराठी मंडळींत मानपत्र लिहायचं ते अलकनंदाबाईंनीच, हे ठरून आता पंचेचाळीस वर्षं झाली होती. कुणी रेल्वेतून निवृत्त झालं, कुणाची मुलगी डॉक्टर झाली, बबीनाच्या छावणीतले एखादे सुभेदारसाहेब बदली होऊन निघाले, की मंडळाचे चिटणीस नारायणराव जाड कागदाची गुंडाळी घेऊन नगरा मोहल्ल्यात त्यांच्या दारात हजर होत. अलकनंदाबाईंचं अक्षर टपोरं, वळणदार. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही हात कापत नव्हता.

फेब्रुवारीत नारायणराव आले तेव्हा मंडळाच्या इमारतीत राहणाऱ्या कमळाबाई तिथेच मेथी निवडत बसल्या होत्या.

"ताई, या वेळी कागद जरा मोठा आणलाय. माणूसही मोठा आहे," नारायणराव खुर्चीत बसता बसता म्हणाले. "आपला हृषीकेश! खास दिल्लीहून येतोय. पंचवीस वर्षं वकिली झाली, बड्या बड्या कंपन्या त्याच्या सल्ल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. शिवाय इथली समाजसेवा. दोन्ही छान यायला हवं."

"लिहिते की," अलकनंदाबाई म्हणाल्या. "पण आधी हे बघा. कमळाला काय आलंय."

कमळाबाईंनी हात पदराला पुसले आणि पिशवीतून चौघडी केलेला कागद काढला. बड्या बाजारामागच्या मंडळाच्या इमारतीतली मागची खोली एकतीस मार्चपर्यंत रिकामी करावी, असं त्यात हिंदीत लिहिलेलं होतं. इमारत एका कोचिंग कंपनीला दिली होती.

नारायणरावांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला. "काहीतरी गलती झाली असेल. हृषी येतोय ना, त्याच्या कानावर घालू. अहो, घरचा वकील आहे आपला!"

"मी तरी हेच म्हणते," कमळाबाई म्हणाल्या. "हृषीला माहीत नसेल. माहीत असतं तर असं झालं असतं का?"

अलकनंदाबाईंनाही तसंच वाटलं. न वाटायला कारण नव्हतं.

ती इमारत रुक्मिणीबाईंची. मूलबाळ नव्हतं, म्हणून जाताना त्यांनी ती मंडळाला दिली. तिथेच अलकनंदाबाईंचा मराठीचा बालवर्ग भरायचा, तिथेच चैत्रातलं हळदीकुंकू व्हायचं. त्या दिवशी बबीनाहून लष्कराच्या गाडीत बसून जवानांच्या बायका यायच्या. सांगली-साताऱ्याकडच्या त्या पोरी, कुठे या बुंदेलखंडाच्या उन्हात येऊन पडलेल्या. आंब्याची डाळ तोंडात घातली की त्यांचे डोळे भरून यायचे. डाळ कमळाबाईंच्या हातची. विसाव्या वर्षी विधवा होऊन त्या समथरहून रुक्मिणीबाईंकडे स्वयंपाकाला आल्या आणि मागच्या खोलीत राहिल्या त्या राहिल्याच. रुक्मिणीबाईंनी शेवटच्या दुखण्यात पाच जणांना पलंगाजवळ बोलावून सांगितलं होतं, "घर तुमचं, पण मागची खोली कमळीची. ती आहे तोवर." पाचांपैकी चार गेले. पाचव्या अलकनंदाबाई.

आणि हृषीकेश? तो सात वर्षांचा असताना त्याची आई वर्षभर अंथरुणाला खिळली होती. ते वर्षभर त्याचा दोन्ही वेळचा डबा कमळाबाईंकडून जायचा. बालवर्गात तो अलकनंदाबाईंसमोर पहिल्या रांगेत बसे. "ळ" काढताना जीभ बाहेर काढायचा. पोरगा हुशार होता, आणि मोठेपणी त्याने गावाला विसरूनही टाकलं नाही, हे खरंच होतं. आठ वर्षांपूर्वी एका गुंड बिल्डराने इमारतीवर कब्जा करायला माणसं आणली, तेव्हा दिल्लीहून रातोरात येऊन त्यानेच ती वाचवली. मंडळाचे कागद सरळ केले. शहराला रुग्णवाहिका दिली, सरकारी शाळांत पिण्याच्या पाण्याची यंत्रं बसवली, गरिबांसाठी मोफत कायदे सल्ल्याची शिबिरं भरवली. सगळ्यांनी एकमताने त्याला मंडळाच्या विश्वस्तांचा अध्यक्ष केलं. ठराव मांडला नारायणरावांनी, अनुमोदन अलकनंदाबाईंचं.

समारंभाच्या आदल्या दिवशी तो नगऱ्यात भेटायला आला. पांढरा सदरा, केसांत थोडी चांदी. वाकून पाया पडला.

"मावशी, तुम्ही बिल्कुल नाही बदललात."

"तू बदललास. पोट सुटलंय."

तो मोकळेपणी हसला. चहा झाला. अलकनंदाबाईंनी कमळाबाईंचा कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो हातातसुद्धा घेतला नाही. नुसतं पाहिलं आणि मान हलवली. त्याला माहीत होतं.

"मावशी, इमारत नुसती बसून होती. बालवर्गात मुलं किती? चार. त्यांतल्या दोघांना मराठी समजतं, बोलता येत नाही. कंपनी सगळी दुरुस्ती करणार, वर्षातले चार दिवस सभागृह आपल्याला देणार. फक्त त्यांना इमारत पूर्ण रिकामी हवीय."

"आणि कमळा?"

"त्यांच्यासाठी मी स्वतः वृंदावनला बोललोय. विधवांचा चांगला आश्रम आहे, साफसुथरा."

"ती काय टाकलेली बाई आहे, वृंदावनला पाठवायला? रुक्मिणीबाईंनी शब्द दिला होता. माझ्यासमोर."

"शब्द ठीक है, मावशी, मी मानतो. पण त्यांचं नाव एकाही कागदावर नाही." मग, लहान मुलाला समजावावं तसं तो म्हणाला, "आणि मी परस्पर काही केलेलं नाही. मंडळाला रीतसर कळवलं होतं. गणपतीच्या आधी पत्र आलं होतं ना? तीस दिवसांत कुणी लेखी हरकत घेतली नाही तर सगळ्यांची संमती धरली जाईल, असं स्पष्ट लिहिलं होतं. एकही हरकत आली नाही."

पत्र आलं होतं. अलकनंदाबाईंना ते चांगलं आठवत होतं.

तो गेल्यावर त्या रिक्षा करून बड्या बाजारात गेल्या. पत्र शोधावं लागलं नाही. ते सभागृहात भिंतीवर होतं, रुक्मिणीबाईंच्या तसबिरीशेजारी, सोनेरी चौकटीत. दिल्लीच्या त्याच्या कचेरीचा जाड मलईसारखा कागद, वर उठावाच्या अक्षरांत त्याचं नाव. पत्र आलं त्या दिवशी नारायणरावांनी पहिली ओळ वाचली होती, "आदरणीय सदस्यहो", आणि शेवटची, "आपला स्नेहांकित". मधलं सगळं इंग्रजी किचकट होतं. पण आपल्या पोराने एवढ्या मोठ्या कचेरीतून आपल्याला आदरणीय म्हटलं, याचंच सगळ्यांना केवढं कौतुक! पत्र हातोहात फिरलं. कुणीतरी म्हणालं, याची चौकट करा. चौकट सोनेरी घ्या, असं म्हणणाऱ्या अलकनंदाबाईच होत्या.

त्यांनी भिंग लावून ते उभ्या उभ्या वाचलं. इंग्रजी त्यांना येत होतं, बीए झाल्या होत्या त्या. चौथ्या परिच्छेदात मागच्या खोलीचा उल्लेख होता, पाचव्यात तीस दिवसांचा. सहा महिने हे पत्र भिंतीवर होतं. खाली बसून सगळ्यांनी गणपतीच्या आरत्या म्हटल्या, कोजागिरीचं दूध प्यायलं. कमळाबाई दर शनिवारी त्याची काच ओल्या फडक्याने पुसत होत्या.

घरी येऊन त्या मानपत्र लिहायला बसल्या. आधी वाटलं, कागद कोरा परत पाठवावा. मग वाटलं, त्याने काय होणार? नारायणराव दुसऱ्या कुणाकडून छापून आणतील. खोली कशी वाचेल, एवढंच बघायला हवं. त्यांनी टाक शाईत बुडवला. त्याची हुशारी लिहिली, कंपन्यांचे मोठमोठे करार लिहिले, रुग्णवाहिका, पाण्याची यंत्रं, शिबिरं, एकही गोष्ट गाळली नाही. खोटं काहीच नव्हतं. आणि शेवटच्या ओळीच्या आधी, त्याच टपोऱ्या अक्षरात, त्यांनी लिहिलं: "ज्यांच्या हातच्या अन्नावर आपण वाढलात त्या कमळाबाईंची खोली त्या हयात असेपर्यंत त्यांचीच राहील, हा आपण दिलेला शब्द आपल्या सेवेचा कळस आहे."

असा शब्द त्याने दिला नव्हता. पण दोनशे माणसांसमोर वाचल्यावर नाही कसा म्हणेल?

सकाळी नारायणराव कागद न्यायला आले. अलकनंदाबाईंच्या अंदाजाप्रमाणे त्यांनी पहिली ओळ वाचली, शेवटची वाचली. "वा! ताई, तुमच्यासारखं कुणाला जमायचं नाही," म्हणाले आणि गुंडाळी बांधली.

सभागृह भरलं होतं. बबीनाची मंडळीही आली होती. कमळाबाई दुसऱ्या रांगेत, ठेवणीतलं जरीकाठी लुगडं नेसून. अलकनंदाबाईंनी खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. शेवटून दुसऱ्या ओळीपाशी आल्या तेव्हाही आवाज खाली आला नाही. ओळ संपली. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. कुणीतरी "वाह, वकीलसाहब!" असं ओरडलं. शेजारच्या बायकांनी कमळाबाईंना मिठ्या मारल्या. कमळाबाई रडत होत्या.

व्यासपीठावर हृषीकेश हात जोडून हसत होता. त्याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नव्हती. उत्तराला उठला तेव्हा त्याने अलकनंदाबाईंना खुर्ची ओढून दिली, मग माईक हातात घेतला.

"कमळाबाईंबद्दल मावशींनी जी भावना व्यक्त केली, तिचा मी मनापासून आदर करतो. त्यांच्या हातची आंब्याची डाळ मी जन्मात विसरणार नाही. त्यांच्यासाठी माझ्या परीने जे शक्य असेल ते मी नक्कीच करत राहीन."

पुन्हा टाळ्या. लोकांनी होकार ऐकला होता. अलकनंदाबाईंनी मात्र पहिल्यांदाच त्याचं बोलणं शब्दाशब्दाने ऐकलं. भावना. आदर. माझ्या परीने. शक्य असेल ते. त्यात "खोली" कुठेच नव्हती.

चहाच्या वेळी तो जवळ आला, कानाशी वाकला. "मावशी, तुम्ही तर पक्क्या वकील निघालात!"

"मग? राहील ना ती?"

त्याने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. हात उबदार होता. "मानपत्रावर माझी सही नसते, मावशी," तो हळूच म्हणाला, आणि बबीनाच्या कर्नलसाहेबांनी हाक मारली तिकडे गेला.

अलकनंदाबाईंनी नारायणरावांना गाठलं. नारायणराव बर्फी खात होते. "ताई, आता कशाला उकरून काढताय? सगळे खूश आहेत. तो काहीतरी करेलच की."

"तो काही करणार नाही. मला तोंडावर म्हणाला."

"मग मी तरी काय करू? आता हरकत घेतली तर लोक म्हणतील, आत्ताच तर याला हार घातला." त्यांनी बर्फीचा उरलेला तुकडा बशीत ठेवला. "आणि खरं सांगू का, ताई? कंपनी सभागृहाला एसी लावून देणार आहे."

मधले दोन दिवस अलकनंदाबाई घराबाहेर पडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या बड्या बाजारात गेल्या. मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. सामान अंगणात काढलेलं, स्टोव्ह, डबे, गुंडाळलेली गादी. क्षणभर त्यांना वाटलं, कमळाला कुणी सांगितलंच असेल. मग ओल्या चुन्याचा वास आला. पदर खोचून, डोक्याला फडकं बांधून कमळाबाई भिंतीवर कुंचा फिरवत होत्या. अर्धी भिंत पांढरीशुभ्र झाली होती.

"या ताई! दहा वर्षांत हात लावला नव्हता. म्हटलं, आता आपलीच आहे तर जरा उजळावी. चुना बाजारातनं मीच आणला."

"कमळे, कुंचा ठेव खाली."

"का हो?"

अलकनंदाबाईंनी दारातच उभं राहून सगळं सांगितलं. पत्रात काय होतं, ते भिंतीवर कुणी लावलं, ती ओळ कुणाच्या मनची होती, तो चहाच्या वेळी काय म्हणाला. आपलं काही लपवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "माझ्याकडे चल. एक खोली आहे माझी, दोघी राहू. सुनेशी मी बोलते."

कमळाबाईंच्या कुंच्यातून चुना टपटप फरशीवर पडत होता.

"पण तुम्हीच तर वाचलंत ना, ताई," त्या म्हणाल्या. "एवढ्या माणसांसमोर. मी कालच समथरला भाचीला फोन करून सांगितलं. तिने पेढे वाटले."

वर्गात कधी एखाद्या पोराला चूक नसताना छडी बसली, तर अलकनंदाबाई दुसऱ्या दिवशी त्याची सगळ्यांसमोर माफी मागत. इथे तेही जमेना. कोणाकोणाची माफी, आणि कशाकशाची?

कमळाबाईंनी कुंचा बादलीत बुडवला, काठावर निथळवला आणि भिंतीकडे वळल्या.

"आता कशाला रंगवतेस?"

"अर्धी कशी सोडू? येणारे म्हणतील, इथे कुणी गबाळी बाई राहत होती."

कुंचा वरखाली फिरत राहिला. अलकनंदाबाई उंबऱ्याबाहेर बराच वेळ उभ्या होत्या. आत या, असं कमळाबाई म्हणाल्या नाहीत.