कमरेवरची काव

कीर्तनात टाळ धरणाऱ्यानं मागं उभं राहून पद उचलून धरायचं असतं, प्रश्न विचारायचे नसतात. रवळूला ते कधी जमलंच नाही. समुद्रमंथनाचं आख्यान रंगात यावं, आण्णाप्पाबुवांनी उपरण्याची दोरी करून देवदानवांना ओढायला लावावं, आणि ह्यानं मागून हळूच म्हणावं, "बुवा, दोरी केल्याल्या त्या नागाचं अंग सोललं न्हाय व्हय?"

बुवा मोठ्या मनाचे. "सोललंच असंल रं. पर तवा विचारायला तू न्हवतास, म्हणून बिचारा सुटला," असं म्हणायचे, मंडप पोटभर हसून घ्यायचा आणि आख्यान पुढं चालायचं.

असा हा रवळू. घर खानापूरच्या वाटेवरचं, काम बेळगावात लेथवर. बायको मंगल आठव्या महिन्यातली, बाळंतपणाला जांबोटीला आईकडं गेलेली. देवाच्या दयेनं सगळं बरं चाललं असताना एक दिवस त्याला कणकण आली, जांघेत गाठी आल्या आणि लिंगावर बारीक पुरळ उठलं. पुरळाचे पाणीदार फोड झाले, फोड फुटले, आणि लघवीला बसलं की डोळ्यांतून धार लागायला लागली.

एकमेकांना चिकटून उठलेले फोड म्हटले की आपल्याकडं पहिलं नाव निघतं नागिणीचं, आणि नागीण म्हटलं की जयाबाई. ती मंत्र पुटपुटत तांबडी काव लावणार, नागिणीचं तोंड आणि शेपूट एक होऊ देणार नाही, म्हणजे माणूस वाचला अशी साऱ्या गावाची श्रद्धा. रवळू तिच्या उंबऱ्यात जाऊन उभा राहिला.

"कुठं उठलीया रं?"

बाई आईच्या वयाची. खरी जागा सांगायचा रवळूला धीर होईना. "कमरंला, मावशी."

त्यानं सदरा वर केला. जयाबाईनं चष्मा पुसला, वाकून बघितलं, दिवा जवळ आणला. "मला तर काय दिसंना."

"आतनं येतीया."

"आतनं?" जयाबाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं, पण आलेल्याला परत पाठवायची तिची रीत नव्हती. तिनं धडधाकट कमरेला काव फासली. "हितं तोंड, हितं शेपूट. आता मिळत न्हाय बघ."

वाटीतली उरलेली काव रवळूनं मागून घेतली आणि घरी दार लावून जिथं लावायची तिथं स्वतःच लावली. मग जी काय बोंब उठली, ती ऐकून शेजारची दोन घरं बाहेर आली. "पाटाचा कोपरा लागला," असं त्याला आतूनच सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तो निपाणीला निघाला. बेळगावात डॉक्टर काय कमी होते? पण खडेबाजारात चार पावलं टाकली की एक तरी ओळखीचा भेटणार. निपाणीत आपल्याला कोण ओळखतंय, ह्या हिशेबानं तो डॉक्टर दीपंकर ह्यांच्या दवाखान्यात शिरला, तर समोरच्या बाकावर कीर्तनातला मृदंगवाला कल्लाप्पा.

"तू हितं कसा रं?" कल्लाप्पानं विचारलं.

"तंबाखूचा भाव बघाय आलतो."

"दवाखान्यात?"

"मग तू?"

"मी बी तंबाखूच," कल्लाप्पा म्हणाला, आणि खाजवता हात त्यानं मांडीखाली दडवला.

दोघं गुरुभाऊ मग नंबर येईपर्यंत छताकडं बघत बसले.

डॉक्टर तरुण, सावळे, शांत माणूस. त्यांनी पडदा ओढून तपासलं आणि विचारलं, "कमरेला हे काय?"

"काव."

"आणि दुखतंय कुठं?"

"खाली."

"म्हणजे औषध शेजाऱ्याला दिलंत." ते हसले, पण त्या हसण्यात टोचणी नव्हती. "ही नागीण नव्हे. तिच्याच कुळातला दुसरा विषाणू. हर्पिस. तुम्हाला झालाय तो जननांगावरचा. माझी तर खात्री आहे, तरी फोडातलं पाणी तपासायला पाठवतो. एचआयव्ही आणि गरमीसाठी रक्तही बघू, ते बघायचीच पद्धत आहे."

त्यांनी असायक्लोव्हिरच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या पुऱ्या करायच्या, मध्येच सोडायच्या नाहीत. मिठाच्या कोमट पाण्यानं धुवायचं, कोरडं ठेवायचं, सैल सुती कपडा घालायचा. लघवीला फार जळजळलं तर वरून पाणी ओतत करायची. फोडांना हात लागला की साबणानं धुवायचा, तो डोळ्याला लावायचा नाही. व्रण पुरते भरेपर्यंत बायकोजवळ जायचं नाही. "आणि काव कुठंच नको," डॉक्टर म्हणाले.

एवढ्यावर दुसरा कुणी उठला असता. रवळूच्या डोक्यात मात्र दुखण्यापेक्षा कुतूहलच मोठं होऊन बसलं होतं.

"डॉक्टर, फोड सुकल्यावर ह्यो जातो कुठं?"

"जात नाही. नसेवाटे कण्याच्या तळाशी जातो आणि नसांच्या मुळात झोपून राहतो."

"झोपतो? गोळ्यांनी मरत न्हाय?"

"नाही. गोळ्या त्याची वाढ रोखतात. ताप आला, शीण झाला की कधी कधी पुन्हा उठतो, पण पहिल्या खेपेचा जोर राहत नाही. फारच वरचेवर उठायला लागला तर रोज गोळी घेऊन त्याला दाबून ठेवता येतं."

"आन झोपल्याला असताना दुसऱ्याला लागत न्हाय न्हवं?"

"लागू शकतो. फोड नसतानाही. निरोधानं धोका कमी होतो, पण पुरता जात नाही."

रवळूनं पडद्याकडं एकदा बघून घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मला कुणाकडनं आला?"

"लग्नाआधी कुणी?"

"वास्कोला कामाला होतो तवा..." पुढचं त्यानं गिळलं. "लगीन झाल्यावर न्हाय. देवाशपथ."

"शपथ नको. वर्षानुवर्षं झोपून पहिल्यांदा आत्ता उठला असेल. बायकोकडूनही आला असेल. होऊन गेलेला पुष्कळांना कळत नाही. कुणाकडून आला हे सांगणारी तपासणीच नाही. बायको कुठं असते?"

"जांबोटीला. आठवा हाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग नीट ऐका. तिला हा नव्यानं, आत्ता शेवटच्या महिन्यांत झाला तर बाळंत होताना बाळाला लागू शकतो, आणि कोवळ्या जिवाला तो झेपत नाही. आधीच होऊन गेला असेल तर आईच्या रक्तातलं बळ बाळाला राखतं. म्हणून तिच्या डॉक्टरला कळलंच पाहिजे. त्याच्या आधी तिला कळलं पाहिजे."

एसटीत रवळूनं नामस्मरण करून बघितलं. नाम चालायचं आणि मध्येच बाळ दिसायचं. सांगितलं तर मंगल वास्कोचं विचारणार, संसार उसवणार. नाही सांगितलं तर? त्या 'तर'च्या पुढं त्याला जाववेना.

जांबोटीत उतरल्यावर सासऱ्यांचं घर लांब. तो जरा फेंगडा चालत अंगणात आला, तर सासू यल्लव्वा भात वाळत घालत होती.

"जावईबापू, असं का चालतासा?"

"बूट चावला."

"पायात चप्पल हाय की!"

रवळू तसाच परड्यात गेला. मंगल म्हशीला पेंढी टाकत होती. त्यानं तिच्या हातातली पेंढी घेतली आणि सगळं सांगितलं, वास्कोसकट. सांगताना म्हशीकडं बघून सांगितलं.

मंगलचा हात पोटावर गेला. "बाळाला काय हुईल?"

"तेच विचाराय जायचं हाय."

तिनं म्हशीच्या पाठीवर हात टेकला. मग म्हणाली, "तसले फोड मला झालते. लग्नाच्या पयल्या वर्षी."

"आन बोलली न्हाईस?"

"काय बोलणार? कुणाला? जळजळतंय एवढंच सांगितलं, उष्णता म्हणून आईनं सब्जा पाजला. सुकलं आपसूक."

रवळू तिच्याकडं बघतच राहिला. एकटीनं, तोंड दाबून सोसलं हिनं! त्यापाठोपाठ मनात दुसरंही आलं. मग आधी कुणाला? त्याच्यामुळं हिला, का हिच्यामुळं त्याला? मंगलला ते त्याच्या तोंडावर दिसलं.

"विचारा की."

"काय विचारू? त्याची तपासणीच न्हाय म्हणं."

"मला मात्र तुमच्यासंगं बोलायचं हाय. वास्कोचं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज करडा. "आज न्हाय. बाळ हुंदे सुखरूप, मग बसवून बोलीन. आता गाडी बघा."

मंगलला तपासणाऱ्या बेळगावच्या डॉक्टरीणबाईंसमोर रवळूनं तोंड उघडायच्या आत मंगलनंच सगळं सांगून टाकलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि सहज विचारलं, "आधी कुणाला झालं?"

"ते आमचं आमी बघू," मंगल म्हणाली. "बाळाचं सांगा."

बाईंनी सांगितलं. जुना आहे की नवा हे बघायला रक्त तपासू. काही वर्षांमागं झालेला तोच असेल तर भिण्यासारखं फार नाही. शेवटचे आठवडे गोळ्या देऊ. कळा लागताना फोड दिसले तरच पोट उघडून बाळ काढायचं, नाहीतर सरळ बाळंतपण.

रवळूचे हात आपोआप जोडले गेले, नमस्कार देवाला की बाईंना हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

मंगलचं अजून संपलं नव्हतं. "आन बाळ झाल्यावर? ओठाला फोड असल्याल्या मानसानं पापी घेतली तर?"

"बिलकूल घेऊ द्यायची नाही. ओठावरचाही ह्याच जातीचा विषाणू. घरचा असो, बाहेरचा असो."

मंगल रवळूकडं वळली. "ऐकलासा न्हवं? तुमच्या आत्याच्या ओठाला बारा म्हयनं असत्यात. त्यास्नी तुमीच सांगायचं."

"मी?" रवळू म्हणाला.

"मग काय मी?"