हिल्डाला मिळालेली बरणी

ऑक्टोबरात गारा पडल्या आणि पंधरा मिनिटांत आमच्या द्राक्षवेलींचा चोथा झाला, वर्षाची कमाई गेली. त्याच रविवारी जेवणं उरकल्यावर माझ्या सासूने, हिल्डाने, ताटं उचलायच्या आधीच जाहीर करून टाकलं, "या ख्रिसमसला दुकानातून काही आणायचं नाही. प्रत्येकाने एकाच माणसासाठी एकच वस्तू करायची. आपल्या हाताने, घरात पडलंय त्यातून."

"आणि ज्याला हाताने काहीच येत नाही, त्याने?" नणंद उर्सुलाने विचारलं. विचारलं आईला, पण बघत होती माझ्याकडे.

"त्याने शिकायचं," हिल्डा म्हणाली.

सासऱ्यांच्या जुन्या हॅटमध्ये पाच चिठ्ठ्या पडल्या. मी हात घातला आणि नेमकी हिल्डाचीच चिठ्ठी माझ्या हाताला लागली.

लॉक्सटन गावात या घराण्याची सून होऊन मला सहा वर्षं झाली होती; कर्ट आणि मी जवळच वेगळ्या घरात राहायचो. हिल्डा वाईट नाही, पण तिच्यापुढे मला कायम परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं. मी नर्स आहे. कुणाचीही शीर मला पहिल्या झटक्यात सापडते. घरकामाचं मात्र नाव नको. तरी जिद्दीने मी चहाच्या किटलीसाठी लोकरीची टोपी विणायला घेतली. दोन आठवड्यांनी कर्टने, माझ्या नवऱ्याने, ती उचलून उलटसुलट करून पाहिली.

"मांजराला मोजा विणतेयस का गं?"

मी ती टोपी कचऱ्यात टाकली.

डिसेंबरात हॉस्पिटलात दोघीजणी एकदम रजेवर गेल्या आणि माझ्या डबल ड्युट्या लागल्या. एका शनिवारी काही कामासाठी शेजारच्या बारमेरा गावी गेले होते. तिथे चर्चच्या व्हरांड्यात बायकांनी घरगुती वस्तूंचं टेबल मांडलं होतं. विणलेले रुमाल, केक, आणि एका कोपऱ्यात जर्दाळूच्या जॅमची एकच बरणी उरलेली. काचेतून ऊन गेलं की ती मधासारखी चमकायची. मी इकडेतिकडे पाहिलं. ओळखीचं कुणी नव्हतं. पटकन पैसे देऊन बरणी पिशवीत टाकली.

घरी येऊन बरणी गरम पाण्यात बुडवली, वरची किमतीची चिठ्ठी खरवडून काढली. माझ्या जुन्या युनिफॉर्मच्या निळ्या कापडाचा गोल कापला, झाकणावर बसवून सुतळीने बांधला. निदान तेवढं तरी माझ्या हातचं होतं. चव घेऊन बघायचं डोक्यातही आलं नाही. मी पावाला खारट व्हेजेमाइट लावून खाणारी, जॅमला आयुष्यात कधी बोट लावलेलं नाही. हिल्डाच्या जॅमलासुद्धा नाही.

आमच्याकडे ख्रिसमस भर उन्हाळ्यात येतो; त्या सकाळी चर्चमधून आलो तेव्हाच ऊन भाजत होतं. हिल्डाच्या घराच्या मागच्या व्हरांड्यात पंखा लावून बसलो. सासऱ्यांनी, म्हणजे एर्विननी, कुंपणाच्या तारेचा लांबलचक काटा केला होता, शेकोटीवर पाव भाजायला. तो कर्टला मिळाला. कर्टने जुन्या पिंपाच्या फळीचं स्टूल केलं होतं. ते जरा डुगडुगत होतं. त्यावर बसून उर्सुला म्हणाली, "तुझ्यासारखंच आहे रे, धड एका जागी टिकत नाही." तिने स्वतः बैठकीच्या जुन्या पडद्यांची एर्विनसाठी पिशवी शिवली होती.

मग हिल्डाने माझ्या मांडीवर एक गाठोडं ठेवलं. आत एक लांबट उशी होती, एर्विनच्या विरलेल्या शर्टांचे तुकडे जोडून शिवलेली, आत गहू भरलेले. टाका न् टाका एकसारखा.

"फ्रीजमध्ये ठेवायची," ती म्हणाली. "ड्युटीवरून आलीस की पायांवर घे. घोटे सुजतात तुझे. बघते मी."

मी उशी बाजूला ठेवली. आता माझी पाळी होती; कागदात गुंडाळलेली बरणी मी तिच्या हातात दिली. बरणी परत घेऊन पळून जावं असं वाटलं, पण तोवर हिल्डाने कागद सोडलाही होता.

"जॅम!" ती म्हणाली. आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जे मी सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. गालांवर लाली चढली तिच्या.

"हिने जॅम केला?" कर्ट म्हणाला. "कधी? आमच्या घरात?"

हिल्डाने चमचा आणला. झाकण उघडून चव घेतली. आणि थांबली. मग बरणी उजेडात धरून तळाशी बघत राहिली.

"बिया फोडून आतला गर घातलास?"

"हो," मी म्हटलं. आत काय आहे ते मलाच माहीत नव्हतं.

"किती?"

"दोन... तीन."

"कडू होईल अशी भीती नाही वाटली?"

"नाही."

"पण मी कधी पाहिलं नाही हिला," कर्टचं चालूच होतं.

"तू घरात असतोस कधी?" हिल्डाने त्याला झापलं. "ताट पुढे कर. मांस गार होतंय."

विषय तिथेच संपला. सुटले, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दार वाजलं. कर्ट अजून अंथरुणात होता. दारात हिल्डा उभी, दोन्ही हातांत जर्दाळूने भरलेल्या बादल्या.

"तुझा जॅम फार आवडला मला," ती म्हणाली. "आणखी कर. मी नुसती बसून बघते."

आणि खरंच ती स्वयंपाकघरात खुर्ची ओढून, हाताची घडी घालून बसली. मी मोठं पातेलं काढलं. जर्दाळू धुतले, चिरले. मग पातेल्यात तांब्याभर पाणी ओतलं. हिल्डाची भुवई वर गेली. मी आणखी थोडं ओतलं. दुसरी भुवईही वर गेली.

मी सुरी खाली ठेवली. "हिल्डा, तो जॅम मी केला नव्हता."

"माहीत आहे."

"कधी कळलं?"

"पहिल्या चमच्याला. अगं, तो माझाच होता. दरवर्षी बारा बरण्या देते मी बारमेराच्या बायकांना, त्यांच्या टेबलासाठी."

मी मटकन दुसऱ्या खुर्चीत बसले. हिल्डा माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिचे खांदे हलायला लागले. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "दोन... तीन!" माझी नक्कल करून ती पुन्हा हसली. "झाकणावरचं फडकं मात्र छान बांधलं होतंस हो."

"मग सगळ्यांसमोर बोलला का नाहीत तुम्ही?"

ती हसायची थांबली. मांडीवरचा ॲप्रन सारखा करत राहिली.

"चाळीस वर्षं मी लोकांना जॅम वाटतेय," ती म्हणाली. "हिच्या घरात काय कमी आहे, असं वाटतं सगळ्यांना. त्यामुळे मला कधी कुणी एक बरणी दिली नाही. काल कागद सोडला आणि वाटलं, कुणीतरी या उकाड्यात माझ्यासाठी शेगडीपुढे उभं राहिलं. तेवढं वाटलं, तेच बरं वाटलं. मग चव घेतली."

"मला माफ करा" असं काहीतरी पुटपुटले.

"माफीचं काय करू मी? साखर काढ."

"किती घालू?"

"ते मी सांगणार नाही. मी सांगितलं की तो पुन्हा माझाच होईल. माझा नकोय मला. तुझा हवाय."

मग मी केला. ती खरोखरच एक शब्द बोलली नाही. एकदा फक्त तोंडावर हात दाबून धरला, तेव्हा मी जोरात आच वाढवली होती. बिया फोडताना हातोडी अंगठ्यावर बसली, तो नाद मी सोडून दिला. बुडाशी जरा लागलं. चव घेतली तर नुसतं गोड, म्हणून फ्रीजमधलं आलं किसून घातलं. दहा वाजेपर्यंत मी घामाने निथळत होते आणि ओट्यावर सहा बरण्या उभ्या होत्या. बरणी तिरकी केली की आतला जॅम पाण्यासारखा पळत होता.

हिल्डाने ब्रेडच्या स्लाइसवर चमचाभर ओतला. तो ओघळून तिच्या कोपरापर्यंत गेला.

"करपलाय," ती म्हणाली.

"हो."

"पातळ आहे."

"हो."

"आलं कुणी सांगितलं होतं घालायला?"

"कुणी नाही."

तिने कोपर पुसलं, स्लाइस संपवली. "आणखी एक दे," ती म्हणाली.

जाताना सहाच्या सहा बरण्या तिने रिकाम्या बादल्यांत घातल्या. मला एकही ठेवली नाही. कर्ट उठून आला तेव्हा पातेलं घासून झालं होतं.

जानेवारीच्या मध्यावर एर्विन आमच्याकडे शिडी मागायला आले. शिडी घेऊनही दारात घुटमळत उभे राहिले.

"टॅम्सिन, तो आल्याचा जॅम... एखादी बरणी आहे का गं तुझ्याकडे?"

"सगळ्या हिल्डा घेऊन गेल्या की!"

"तेच तर. कपाटाच्या डोक्यावर ठेवल्यात तिने. मला हात लावू देत नाही. म्हणते, तू खा माझा, घरात ढीगभर आहे." त्यांनी शिडी खांद्यावर घेतली. "म्हणून म्हटलं, शिडी न्यावी."