खोटी पट्टी नाई लावणार

माझा प्रोग्राम बंद पडतच नव्हता. हे मी तेव्हाही सांगत होती, आजही सांगते.

दोन हजार दोनची गोष्ट. मी नाजिया, ब्रह्मपुरीच्या नूरुद्दीन घडीवाल्याची पोट्टी. कॉम्प्युटरचा कोर्स करून चंद्रपूरच्या एका मंडळात लागली. मंडळाचं काम एकच. वैशाखाच्या पुन्नवेले जंगलातल्या पाणवठ्यांवर मचानी बांधायच्या, माणसं बसवायची आणि पाण्यावर येणारी जनावरं मोजायची. मग त्यांच्या नोंदींचे कागद माझ्याकडे येत. आता एकच अस्वल दोन पाणवठ्यांवर दिसलं, तर त्याले दोनदा कसं मोजायचं? म्हणून मी प्रोग्राम लिहिला होता. प्रत्येक नोंद दुसऱ्या प्रत्येक नोंदीशी ताडून पाहायची. वेळ, अंतर, पिल्लं, सारं. आमच्या जुन्या मशीनवर त्याले चाळीस मिनिटं लागत.

त्या चाळीस मिनिटांत पडदा थिजून जाये. माऊस हलवला तर प्रोग्रामची खिडकी पांढरी पडे. आत काम धडाधड चालू, बाहेरून पाहणाऱ्याले वाटे मशीन गेलं. आमचे सेक्रेटरी भैयाजी मग येत आणि काही न विचारता सरळ प्लग काढत. एकदा नाई, तीनदा. तिसऱ्यांदा तर पस्तिसाव्या मिनिटाले काढला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हँग झालं होतं ना वो बाई," भैयाजी म्हणाले. "तो नागपूरचा माणूस विकायले आला ना, त्याचा प्रोग्राम पाहा, काम किती झालं दाखवणारी निळी पट्टी कशी सरसर सरकते. गुरुवारी कमिटी येऊन राह्यली. दोन्ही दाखवू. त्याचा पसंत पडला, तर तुम्ही आपलं टायपिंग पाहा."

टायपिंग पाहा म्हणे. दीड वर्ष डोकं फोडलं होतं मी त्या प्रोग्रामवर. ते गेल्यावर मी तो नागपूरचा प्रोग्राम उघडला आणि त्याले रिकामी फाईल दिली. एक नोंद नाई तिच्यात. तरी निळी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐटीत सरकली. भैयाजींना सांगितलं, तर ते म्हणाले, लोकायले काहीतरी हलतं दिसलं पायजे.

दुपारी सोमाजीभाऊ आपला राहिलेला कागद द्यायले आले. वीस वर्षं मचानीवर बसणारा माणूस. एक अस्वल सोडलं तर त्यांच्या कागदावर दर अर्ध्या तासाले एक ओळ: काही नाई. काही नाई. काही नाई. मी आधीच चिडलेली.

"भाऊ, काही आलंच नाई तर लिहिता काऊन?"

"नाई लिहिलं तर तुमाले वाटन, बुढा झोपला," ते म्हणाले. "काही नाई आलं, हेही सांगा लागते बाई."

माझा प्रोग्राम जागा होता, पण तो कोणाले सांगतच नव्हता. चूक माझी होती आणि मले ती मान्य करा लागली.

त्याच दिवशी बसली. नोंदींच्या दर शंभर जोड्यांनंतर प्रोग्रामात दोन ओळी घातल्या. पहिली ओळ पडद्यावर लिहिते की आता कोणते दोन पाणवठे ताडून राह्यलो आणि किती नोंदी झाल्या. दुसरीत एकच शब्द, डूइव्हेंट्स. म्हणजे काम करता करता क्षणभर मान वर करायची, पडदा रंगू द्यायचा, कोणी हाक मारली तर ऐकायची आणि पुन्हा कामाले लागायचं. पडदा जिता झाला. पण सोमाजीभाऊंनी गंमत म्हणून 'सुरू'चं बटन पुन्हा दाबलं आणि मोजणीच्या पोटात दुसरी मोजणी सुरू झाली. अस्वलं दुप्पट. मग काम चालू असताना 'सुरू' मुकं करून टाकलं आणि बाजूले 'थांबवा' दिलं.

बुधवारी भैयाजींनी ते पाहिलं. "अक्षरं कोण वाचते? पट्टी लावा ना, भराभर सरकणारी. येत नाई का तुमाले?"

"येते," मी म्हटलं. "पण नाई लावणार."

गुरुवारी कमिटीचे सहा जण बसले, मागे सोमाजीभाऊ आणि मचानीवर बसलेली माणसं. नागपूरचा प्रोग्राम दोन मिनिटांत संपला. पट्टी भरली, आकडा आला: अस्वलं एकोणीस, म्हणजे जितक्या नोंदी तितकी. सगळे खूश. भैयाजींनी तो आकडा अहवालात लिहूनही टाकला. मग माझा सुरू झाला. पाणवठा चार आणि नऊ, जुळत नाई. चार आणि दहा, जुळत नाई. पाच मिनिटं झाली, दहा झाली. एक जण घड्याळ पाहू लागला. भैयाजी उठले आणि सवयीनं प्लगकडे गेले.

मी मध्ये उभी राहिली.

"प्लग नाई, भैयाजी. थांबवायचं असन तर पडद्यावर बटन आहे. दाबा. सगळ्यायसमोर दाबा आणि सांगा की खरी मोजणी तुम्ही थांबवली."

भैयाजींनी माऊस धरला. पडद्यावर ओळ आली: पाणवठा सतरा आणि तेवीस, जुळते, एकच अस्वल, दोन पिल्लं.

"सतरावर मी होतो," मागून सोमाजीभाऊ म्हणाले. "दोन पिल्लं होती खरी. तेवीसकडेच गेली."

भैयाजींनी माऊस सोडला. खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसले. उरलेली तीस मिनिटं आम्ही सगळे ओळी वाचत बसलो. कोणाचा पाणवठा आला की तो पुढे वाके. शेवटी आकडा आला.

"अकराच?" भैयाजींचा चेहरा उतरला होता. अकरा आकडा कोणाले सांगायले बरा वाटत नाई.

"अकराच," मी म्हटलं.

त्यांनी पेन काढलं, अहवालात लिहिलेले एकोणीस खोडले आणि अकरा लिहिले.