थोरली फुलं बघायला गेली

फुलं बघायला माणसं एवढी लांब गाडी हाकत येतात, हेच मुळी थोरलीला पटत नव्हतं. बघायचंच असेल तर फळ बघा ना! धुऊनपुसून पेटीत भरलेलं, उचलून घरी नेता येईल असं. फुलाचं काय लोणचं घालायचंय? आणि तळं म्हणजे तरी काय, तर पुढे जायला वाट न मिळालेलं पाणी. गाडीच्या खिडकीतून तिनं त्या पाण्याकडे एकदा बघितलं, नाक मुरडलं आणि काच वर केली, कारण वाऱ्याबरोबर पाकळ्या आत येऊन तिच्या मांडीवर बसत होत्या.

"जळलं मेलं कौतुक," ती म्हणाली. "आता हे सगळं घरी जाऊन झाडत बसा."

गाडी चालवणाऱ्या तिच्या नवऱ्यानं आपल्या बाजूचीही काच वर केली. मागे तिच्या शेजारी आई बसली होती. ती काचेला नाक लावून बघत होती. रस्त्याच्या कडेला गाड्याच गाड्या उभ्या होत्या. एक बाई झाडाला मिठी मारून उभी, तिचा नवरा गुडघे टेकून फोटो काढतोय. आणखी एक बाप्या फांदी धरून गदागदा हलवतोय, का, तर खाली उभ्या बायकोच्या डोक्यावर पाकळ्या पडाव्यात.

"बघ, अक्कल बघ! घरी पाण्याचा पेला उचलून ठेवत नसेल मेला, इथे झाड हलवतोय."

आई हसली नाही. तिचं लक्षच नव्हतं.

थोरली काही वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तिचं उभं आयुष्य शर्टांच्या कारखान्यात गेलं, तयार माल तपासायच्या टेबलावर. डोक्यावर पांढरी ट्यूब, पुढ्यात शर्टांची चळत, हाताशी लाल चिकटपट्टी. कॉलर वाकडी दिसली, लावली पट्टी. काज उसवलेलं, लावली पट्टी. शर्टात काही खोट नसली तर तो नुसता पुढे सरकवायचा. त्याला शाबासकी द्यायची पद्धत नव्हती. तिच्या नजरेतून एक दोरा सुटायचा नाही. शिलाईवाल्या पोरी तिला बघून पाणी पिणं विसरायच्या. पुढे नोकरी संपली, टेबल सुटलं, पण नजर कुठे जाणार?

मग ती फुलं बघायला आलीच कशाला? तर आईसाठी. वडील गेल्यापासून आई तिच्याकडे असायची. धाकट्या बहिणीला दिली होती या तळ्याकाठच्या सफरचंदांच्या बागेत. लग्नात थोरली म्हणाली होती, "नवरा मिळाला नाही म्हणून झाडं केलीस का गं?" थंडी सरता सरता त्या धाकटीचा फोन आला. "ताई, बाग फुललीय. आईला घेऊन ये. आणि तिचं मन रमलं, तर राहू दे इथंच."

ते शेवटचं वाक्य थोरलीला झोंबलं. राहू दे म्हणजे? आईच्या गोळ्या वेळेवर कोण देतं? तिचे पाय कोण चेपतं? मऊ भात, उन्हाची खोली, डोक्याला तेल, सगळं कोण करतं? आणि उद्या चार लोक विचारतील, म्हातारी थोरलीला सोडून का गेली, तर काय सांगायचं? त्याहून खरं कारण तिनं कुणाला सांगितलं नसतं. शेजारच्या खोलीतून आईचा खोकला ऐकू आल्याशिवाय तिला झोप लागत नसे. आई गेली तर त्या घरात करायचं काय? तेव्हा तिनं ठरवलं, जायचं, फुलं दाखवायची, आईची हौस भागवायची आणि दुसऱ्या दिवशी आईला घेऊन परत यायचं.

धाकटी मातीच्या हातांनीच धावत आली. बागवाला, म्हणजे तिचा नवरा, मागून लाजत लाजत. खोली दाखवली. तळ्याच्या बाजूला खिडकी, उन्हात तापवलेली गादी, पांढरी चादर. थोरलीनं खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं आणि ते बोट धाकटीच्या डोळ्यांसमोर धरलं.

"धूळ नाही गं ताई," धाकटी हसत म्हणाली, "तळ्यापलीकडच्या पाइनच्या झाडांचा पराग आहे. या दिवसांत सगळीकडे बसतो."

"नाव बदललं म्हणून पुसायचा नाही का?"

चहा बाहेर झाडाखाली घेतला. घरात टेबल असताना माणसं बाहेर ओल्या गवतात खुर्च्या का मांडतात, देव जाणे. मधमाश्यांची नुसती घूं घूं. आईच्या कपात वरून एक पाकळी पडली, तर आईला सोन्याची मोहोर सापडल्यासारखं झालं.

"अगंबाई, बघा बघा, नेमकी माझ्याच कपात!"

थोरलीनं चमचा घालून ती पाकळी काढली आणि गवतात फेकली. "किडा असता म्हणजे? पी आता, निवतोय." आई मुकाट्यानं प्यायली.

सकाळी जाग आली तर शेजारची गादी रिकामी. पाणी इतकं जवळ, आणि म्हातारीचे गुडघे हे असे! थोरली तशीच उठून बाहेर धावली, आणि घराच्या कोपऱ्यावरच थबकली. आई हसत होती. मोठ्यानं, तोंडावर हात न घेता. तिचं असं हसणं शेवटचं कधी ऐकलं, हे थोरलीला आठवेना.

झाडाच्या खालच्या फांदीशी आई स्टुलावर बसली होती. शाल खांद्यावरून ओघळलेली. बागवाला शिडीवर चढून काम करत होता आणि आई त्याला सांगत होती, "तर काय जावईबापू, तुमचे सासरे चढले शेजाऱ्याच्या भिंतीवर फूल तोडायला, आणि खाली कुत्रं! सकाळपर्यंत बसले तिथंच. आणि मला म्हणाले कसे, सूर्योदय बघत होतो!"

ही गोष्ट थोरलीनं जन्मात ऐकली नव्हती. तिचे स्वतःचे वडील, आणि गोष्ट ऐकतोय कोण, तर हा शिडीवरचा! तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"वा!" ती पुढे होत म्हणाली. "पाहुणी म्हणून बोलावलीत आणि कामाला जुंपलीत?"

"मीच मागितलं काम," आई म्हणाली. हसू मात्र आटलं होतं.

धाकटीनं काम काय ते सांगायला सुरुवात केली. सफरचंदाचं फूल एकेकटं येत नाही, घोसानं येतं. सगळी फुलं ठेवली तर सगळी फळं बारकी राहतात. म्हणून घोसातलं एकच ठेवायचं आणि बाकीची आत्ताच खुडून टाकायची. "पण ताई, ठेवायचं कुठलं, तर..."

"मला शिकवू नकोस गं," थोरलीनं तिला तिथंच तोडलं. "चांगलं ठेवायचं, खोट असलेलं काढायचं. जन्म गेला माझा त्यात. तुम्ही बसा गप्पा मारत, मी दाखवते काम कशाला म्हणतात."

पदर खोचून ती शेजारच्या लहानशा झाडाला भिडली. प्रत्येक घोसाच्या मधलं फूल फिकं पडलेलं, पाकळ्या सैल, एक हात लावला की गळेल असं. त्याच्याभोवतीची मात्र गुलाबी, टवटवीत. हा काय प्रश्न झाला? मधलं खुडायचं, आणि भोवतीच्यांतलं सगळ्यात देखणं तेवढं ठेवायचं. तिची बोटं अशी चालली की बघत राहावं. उन्हं चढायच्या आत तिनं शिडी लावून शेंड्यापर्यंत अख्खं झाड निपटून काढलं. कपाळावरचा घाम पुसला आणि हाक मारली, "या, बघा!"

बागवाला आला. त्यानं एक फांदी वाकवली. मग दुसरी वाकवली. मग मान खाजवली.

"काय? राहिलं का काही?" थोरलीनं विचारलं, आणि त्या विचारण्यात केवढी ऐट!

"राहिलं नाही," तो म्हणाला. "म्हणजे, मधलं ठेवतात ताई. ते सगळ्यांत आधी उमलतं, म्हणून आधी फिकं पडतं. मोठं फळ त्याचंच होतं." मग घाईघाईनं पुढे म्हणाला, "असू दे, असू दे. एका झाडानं काय होतंय? यंदा याची बारकी खाऊ."

धाकटी फिस्सकन हसली. तिनं तरी कसं आवरावं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. थोरलीचा चेहरा लालबुंद झाला. कारखान्यात असा एक शर्ट तिच्या हातून गेला नव्हता, आणि इथे अख्खं झाड गेलं.

"मग तुमच्या झाडालाच अक्कल नाही!" ती कडाडली. "जुनं, गळायला आलेलं कुणी ठेवतं का कुठे? आधी ते काढायचं असतं!"

"मग माझं काय गं?" आई स्टुलावरून म्हणाली.

आईनं ते थट्टेनं म्हटलं होतं. बागवालाही हसला. थोरली मात्र तरातरा खोलीत गेली आणि आईचे कपडे बॅगेत भरू लागली. संध्याकाळपर्यंत थांबायचं होतं, पण आता दुपारीच निघायचं. पुरे झालं फुलांचं कौतुक.

बॅग भरून ती आईला न्यायला गेली, तेव्हा आई तळ्याच्या काठी बाकावर बसली होती. चपला काढून पाय गवतात ठेवलेले.

"चल. गाडी काढलीय त्यांनी."

"मी नाही येत गं," आई म्हणाली.

इतकं सरळ म्हणाली, की थोरलीला आधी ते कळलंच नाही. कळलं तसा तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. भिंती ओल्या आहेत, डॉक्टर लांब आहे, थंडीत या तळ्यावरून वारा आला की हाडं गोठतील, धाकटीला स्वतःच्या डब्यांची झाकणं सापडत नाहीत ती तुझ्या गोळ्या काय सांभाळणार! "आणि ही फुलं बघून भुललीस ना? आठ दिवसांत सगळी खाली पडतील. मग काय बघशील, काड्या?"

"फुलांसाठी नाही राहत मी."

"मग माझ्याकडे काय कमी पडलं, ते तरी सांग!"

आईनं तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं.

"कमी काही नाही. तळहातावरच्या फोडासारखं जपलंस मला, पोटच्या लेकानंही इतकं केलं नसतं. पण तुझ्या घरात मला कशालाही छान म्हणायची चोरी आहे गं. भात छान झालाय म्हटलं, की तू म्हणतेस चिकट झालाय. शेजारची सून गोड आहे म्हटलं, की तिचं काहीतरी निघतं. परवा खिडकीतून चंद्र दिसला, एवढा मोठा. मी गप्प बसले. म्हटलं, नको, त्यातला डाग दाखवेल ही."

थोरलीनं हात सोडवून घेतला.

"आता असे कितीसे दिवस राहिलेत माझे?" आई म्हणाली. "तेवढे मला छान छान म्हणत काढू दे. तुझ्यावर राग नाही माझा. खरंच नाही."

राग असता तर बरं झालं असतं. रागाशी भांडता आलं असतं. थोरलीला रडू फुटलं, आणि रडू फुटल्याचा संताप आला. ती उठली, खोलीत गेली आणि भरलेली बॅग उलटी करून आईचे कपडे एकेक करून कपाटात लावले. मग धाकटीला बोलावून गोळ्या समजावल्या, कुठली जेवणाआधी, कुठली नंतर, कुठली अर्धी करून. दोनदा सांगितल्या. धाकटीनं तिला मिठी मारली, तर म्हणाली, "सोड, हात मातीचे आहेत तुझे." आईच्या पाया पडली आणि मागे न बघता गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली.

तळ्याच्या कडेनं रस्ता बराच वेळ जात होता. उन्हं कलली होती, फोटोवाले पांगले होते. थोरली समोर बघत होती. एका वळणावर नवऱ्यानं गाडीचा वेग कमी केला.

"अगं, ते पाण्यावर बघ, काय..." तो म्हणाला आणि एकदम थांबला. तिच्याकडे चोरून बघितलं आणि गिअर बदलला.

"काय?"

"काही नाही."

"नाही, तुम्ही काहीतरी सांगत होता."

"राहू दे गं. असंच आपलं."

हा माणूस असं अर्धं बोलून किती वर्षं गप्प बसतोय? थोरलीनं आठवून बघितलं. त्यानं एखादं वाक्य पुरं केलेलं तिला आठवेना.

"गाडी थांबवा."

त्यानं घाबरून गाडी कडेला घेतली. "काय झालं? टायर बघू का?"

"टायर राहू द्या. पाण्यावर काय होतं, ते सांगा मला."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते त्यानं पाहिलं, आणि त्याला वाटलं, आपणच काहीतरी वेडंवाकडं बोलून बसलो.

"काही नव्हतं गं, खरंच," तो म्हणाला. "चुकलंच माझं." आणि त्यानं गाडी पुन्हा सुरू केली.