मुद्दाम चुकवलेला सूर

कारागिराने तिसऱ्या आवाजातला एक सूर उचलून एक पायरी खाली ठेवला, पडद्याला नाक लागेल इतकं वाकून खात्री केली आणि चिप भरायला लावली. चिपमध्ये चाल उतरवणाऱ्या यंत्रावरचा लाल दिवा लुकलुकू लागला. पुढच्या चिपमध्ये त्याने तो सूर पुन्हा जागेवर नेला आणि दुसऱ्याच ठिकाणचा एक सूर बिघडवला. त्याच्या पुढच्या चिपमध्ये आणखी तिसरीकडचा. कोणाच्या वाट्याला कुठला खोटा सूर जाणार, हे त्याने कागदावर उतरवलं नाही. असल्या गोष्टी डोक्यात ठेवायच्या असतात, आणि त्याच्या डोक्यात हल्ली दुसरं काही नव्हतंच.

त्याचा पोटापाण्याचा धंदा दातांच्या कवळ्या घडवण्याचा. दिवसभर लोकांचे दात तासून झाले की संध्याकाळी त्याच टेबलावर, त्याच दिव्याखाली तो जुन्या व्हिडिओ गेमची कार्ट्रिज उघडून बसे. आतली गेमची चिप काढायची आणि तिच्या जागी गाण्यांची बसवायची. मग ते कार्ट्रिज गेमच्या जुनाट यंत्रात खोचलं, की मोटारींची शर्यत सुरू व्हायच्या ऐवजी टीव्हीवर गाण्यांची नावं येत आणि यंत्र गाऊ लागे. गाऊ लागे म्हणजे काय, त्याच्याकडे मुळात आवाजच चार. दोन किनरे, तिसरा खर्जातला आणि चौथी नुसती खरखर, जी ढोलाच्या जागी चालवून घ्यायची. एवढ्याशा भांडवलावर ऐकणाऱ्याच्या गळ्यात हुंदका आणायचा, हे काम भाऊजींचं.

भाऊजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. त्यांनी आयुष्यभर बस चालवली. कुठला नट ढिला झालाय हे बसल्या जागेवरून सांगणारे त्यांचे कान निवृत्तीनंतर रिकामे पडले, तेव्हा त्यांनी ते या नादाला जुंपले. चाली भाऊजींच्या, लेबलं ताई रंगवणार, आणि जुनी यंत्रं व कार्ट्रिजच्या रिकाम्या डब्या पैदा करायच्या टायरवाल्याने. याच्या पंक्चरच्या दुकानात टायरांपेक्षा गेमची यंत्रंच जास्त, आणि कार्ट्रिजला तो लहानपणच्या सवयीने अजून कॅसेटच म्हणे. चिप भरणं आणि सोल्डरिंग मात्र कारागिराचं. या नादातली माणसं वर्षातून एकदा जमत. तिथे कोणी डबी उघडून, आत डोकावून “हा हात कोणाचा?” असं विचारलं, की कारागीर आठवडाभर हवेत असे. कवळी घालून कोणी कधी असं विचारत नाही.

तर गेल्या महिन्यात तो रिकाम्या डब्या बघायला जुन्या बाजारात गेला होता. एका विक्रेत्याने ताडपत्रीवर छोटा टीव्ही मांडला होता आणि त्यातून भाऊजींची नवी चाल वाजत होती. येत्या मेळाव्यात पहिल्यांदा ऐकवायची म्हणून चौघांनी बाहेर श्वासही न काढलेली चाल. एवढंच नव्हे, तर लांबण लागते म्हणून ताईच्या घरी बसून सर्वांनी मिळून काढून टाकलेला मधला तुकडासुद्धा त्यात शाबूत होता.

“हे कुठलं?” कारागिराने विचारलं.

“गेममधलं असेल. डबीवर गाडी आहे, पण गाडी काही येतच नाही. बिघडलेली दिसते. घेता?”

“तुमच्याकडे कोणाकडून आली?”

“साहेब, इथल्या मालाला कोणी आईबाप विचारत नाही.”

ती तिथल्या तिथे विकत घ्यायची, उघडायची आणि सोक्षमोक्ष लावायचा, हे शहाणपण त्याला घरी पोहोचल्यावर सुचलं. तेव्हा नुसती तळपायाची आग मस्तकात गेली होती. संध्याकाळी परत धावला तर ताडपत्रीवर टीव्ही होता, डबी नव्हती.

“गेली की. एक टोपीवाले गृहस्थ होते. बराच वेळ उभ्याने ऐकलं आणि घासाघीस न करता घेऊन गेले.”

“टोपी कसली?”

“ड्रायव्हर लोक घालतात तसली.”

मागच्या मेळाव्यात एक जण भाऊजींच्या खांद्यावर हात टाकून बराच वेळ कोपऱ्यात बोलत होता. त्याची कार्ट्रिज पारदर्शक, रंगीत, थेट कारखान्यातून आल्यासारखी. ‘तुमच्या चाली आमच्याकडे द्या, मग बघा त्यांना काय रूप येतं,’ एवढं वाक्य कारागिराच्या कानावर पडलं होतं. भाऊजी त्यावर हसले होते. नाही म्हणाले नव्हते. तेव्हा मनात चुकचुकलेली पाल आता मुक्कामाला आली. चाल बाहेर बनायला गेली, पहिला नमुना कुठून तरी बाजारात निसटला, आणि भाऊजींनी धावत जाऊन तो उचलला. सगळं कसं चपखल बसत होतं. भाऊजींनी चाल कोणाला द्यावी हा त्यांचा प्रश्न. पण मग आपलं या टेबलावर काय काम, हा विचार कारागिराला सोडेना. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. रविवारी ताईच्या घरी जायला एवढं एकच निमित्त उरलं होतं.

म्हणून हा फास. चाल पुन्हा कुठे उगवली, तर कुठला सूर खोटा आहे यावरून ती कोणाच्या कार्ट्रिजमधून फुटली ते कळणार होतं. संशय एकावर असला तरी फास सर्वांना लावला, उगाच पक्षपात नको. रविवारी त्याने सगळ्यांच्या हातात एकेक कार्ट्रिज ठेवलं.

“अंतिम आहे ना?” भाऊजींनी विचारलं.

“अगदी अंतिम,” कारागीर म्हणाला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. चेहऱ्यावर काही नव्हतं. जन्मभर रस्त्याकडे बघणाऱ्याचा चेहरा असा सहजासहजी काही सांगत नाही.

पुढच्या रविवारी तो दारात पोहोचला तेव्हा आत बोलणं चाललं होतं. त्याची चप्पल वाजली आणि बोलणं थांबलं. टायरवाला उगाचच खिडकीतून बाहेर बघू लागला. ताईने चहा आणला, त्याच्यासमोर कप ठेवला आणि तो कप उचलेपर्यंत तिथेच उभी राहिली.

“काय गं?”

“काही नाही. गरम आहे, सांभाळून.”

एवढ्या वर्षांत ताईने त्याला चहा गरम असल्याचं कधी सांगितलं नव्हतं. निघताना भाऊजींनी त्याच्या बोटांकडे पाहिलं आणि नजर वळवली. डोळ्याला डोळा देववत नाही, कारागिराने मनाशी नोंद केली. म्हणजे ताईसुद्धा यात आहे. आणि टायरवाला! त्याला तर आपणच या नादाला लावलं होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं आणि आपण सोडून सगळ्यांना त्याची ओल ठाऊक होती.

दोन दिवसांनी सायकलच्या चाकात हवा भरायचं निमित्त काढून तो टायरवाल्याच्या दुकानात गेला. टायरवाला गिऱ्हाइकाच्या गाडीखाली होता.

“जरा ऐकतो हं आपलं गाणं,” असं म्हणत कारागिराने यंत्र सुरू केलं.

“आत्ता कशाला? रविवारी ऐकू की सगळे मिळून,” गाडीखालून आवाज आला. आवाज नको इतका घाईचा होता.

चाल सुरू झाली. टायरवाल्यासाठी बिघडवलेला सूर दुसऱ्या कडव्याच्या वळणावर होता. कारागीर वळणाची वाट बघत राहिला. वळण आलं, गेलं, आणि खर्जातला सूर जिथे असायला हवा होता तिथेच होता. त्याने पुन्हा लावून ऐकलं. सूर शुद्ध होता. त्याने खिशातला पेचकस काढला आणि टायरवाला गाडीखालून सरपटत बाहेर येईपर्यंत डबी उघडलीसुद्धा. आत चिपच्या पायांवर शिशाचे जाडजूड गोळे बसले होते, शेजारीशेजारी, एकमेकांना जेमतेम न चिकटलेले. असे गोळे त्याने आयुष्यात केले नव्हते. भाऊजींना हौस म्हणून एकदा हातात सोल्डरगन दिली होती, तेव्हा त्यांनी केले होते.

“हे कोणी उघडलं?”

टायरवाल्याने हात पुसले. बराच वेळ पुसले.

“कारागीर, ते तुम्ही ताईंनाच विचारा. मी शब्द दिलाय.”

फास ओळखून कोणीतरी तो सोडवून ठेवला होता. निर्दोष माणूस असं कशाला करील? सायकल तिथेच टाकून कारागीर चालत निघाला. काय बोलायचं ते वाटेत जुळवत गेला. चाल दुसऱ्याला दिलीत ते दिलीत, पण माझ्या पाठीमागे? आणि ताई, तूसुद्धा? वाक्यं चांगली धारदार झाली होती.

भाऊजी जेवणाच्या टेबलावर बसले होते. समोर चिप भरायचं कोरं करकरीत यंत्र आणि सोल्डरगन. बाजूला बाजारातली ती गाडीच्या चित्राची डबी. कारागिराला बघून त्यांनी वर्तमानपत्र ओढून यंत्र झाकायचा प्रयत्न केला, पण ते अर्धंच झाकलं गेलं.

“झाकू नका. दिसलं मला,” कारागीर म्हणाला. “टायरवाल्याचं कार्ट्रिजही बघितलं.”

भाऊजींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. ताई आतून आली, दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि खुर्चीवर टेकली.

“अहो, सांगून टाका आता,” ती म्हणाली.

“काय सांगू? तूच सांग.”

“बाळ, रागावू नकोस,” ताई म्हणाली. पन्नाशी उलटून गेलेल्या भावाला ती अजून बाळच म्हणे. “यांनी पहिल्या दिवशीच ऐकलं. एक सूर चुकलाय म्हणाले. म्हटलं, असेल मूळ फाइलमध्येच काहीतरी. मग माझं लावून बघितलं, तर त्यात तो सूर बरोबर, पण चूक दुसरीकडे. टायरवाल्याच्यात आणखी तिसरीकडे.”

“एकाच जागी असती तर फाइलवर ढकलली असती रे,” भाऊजी हळू आवाजात म्हणाले. “पण प्रत्येकात वेगळी म्हणजे…”

त्यांनी गाडीची डबी उघडून पुढे सरकवली.

“ही जुन्या बाजारात मिळाली. तू तडकलेल्या डब्यांचं पोतं भंगारात दिलंस ना, त्यात गेली असणार. आत आपली पहिली चाचणीची चिप आहे. बघ.”

कारागिराने बघितलं. चिपच्या पायांवर शिशाचे बारीक, सारखे, चकचकीत थेंब होते. तो हात कोणाचा हे विचारायची गरज नव्हती. चाचणीच्या डबीवर लेबल लावायचं नाही, ही पद्धत त्याचीच. जुन्या चित्रासकट ती पोत्यातल्या डब्यांत मिसळली तेव्हा त्याला ओळखूच आली नव्हती.

“दुसऱ्या कोणाच्या हाती लागायच्या आत उचलली,” भाऊजी म्हणाले. “मेळाव्यात तुझं नाव आहे. त्यात आता हे चुकीचे सूर तिथे वाजले असते तर लोक काय म्हणाले असते? म्हटलं, आपण गुपचूप दुरुस्त करावं, तुला कळूच द्यायचं नाही. माझ्या कामाला सफाई नाही, पण सूर तरी बरोबर राहतील.”

त्यांच्या अंगठ्यावर आणि दोन बोटांवर भाजल्याचे डाग होते. कारागिराला स्वतःची लाज वाटली, इतकी की ती धारदार वाक्यं आठवूनसुद्धा अंगावर काटा आला.

“तुझा कामाचा हात आहे, तो जपायला हवा,” ताई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “डोळे असोत, हात असोत, नाहीतर नुसता विसर असो. डॉक्टरांना दाखवू या. मी येते बरोबर. तू एकटा राहतोस, मला रात्ररात्र झोप नाही.”

एका वाक्यात सगळं मिटलं असतं. मी मुद्दाम केलं. हात शाबूत, डोळे शाबूत. ताईचा जीव भांड्यात पडला असता. आणि मग तिने विचारलं असतं, मुद्दाम? कशासाठी रे?

तो भाऊजींकडे बघत राहिला. भाऊजी त्याच्या चेहऱ्यावरून अंदाज घेत थांबले होते. घाटात समोरून गाडी येते का बघावी तसे, धीराने.

“हल्ली संध्याकाळचं नीट दिसत नाही,” कारागीर म्हणाला. “आणि विसरायलाही होतं.”

“मग आधी नाही का सांगायचंस!” ताई म्हणाली, आणि रडता रडता हसली. “चार माणसं आहोत की आपण.”

“तू नुसता शेजारी बस,” भाऊजी उत्साहाने खुर्ची ओढत म्हणाले. “मेळाव्यासाठीच्या चिपा मी लावतो. तू सांगशील तसं करतो. नावही लेबलावर तुझंच राहील, काय गं?”

“म्हणजे काय!”

कारागीर शेजारी बसला. भाऊजींनी चष्मा नाकावर खाली घेतला, सोल्डरगनचं टोक चिपच्या पायाला लावलं आणि गरजेपेक्षा बराच वेळ तिथेच धरून ठेवलं. धूर निघाला. शिशाचा थेंब फुगला, शेजारच्या पायाकडे सरकला आणि थबकला.

“जमतंय का रे?”

“जमतंय,” कारागीर म्हणाला.

त्याने मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. ते जराही हलत नव्हते. ताईला दिसू नयेत म्हणून त्याने ते टेबलाखाली घेतले.